खिदमतीलाही तालीम लागते

एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. रमजानचा पहिला आठवडा होता. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १४ वर्षांच्या एका मुलाचा फोटो आला. खाटेवर पडलेला, नाकात नळी, शेजारी ओढणी सावरत बसलेली अम्मी. खाली मजकूर : हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशनला अडीच लाख लागतात, रिपोर्ट सोबत आहे, अम्मीचा नंबर हा. आमच्यातल्या तरुणांनी तो मेसेज पन्नास ग्रुपवर टाकला. तरावीहनंतर मशिदीबाहेर झोळी धरली. तीन दिवसांत पैसे जमले, ऑपरेशन झाले, मूल वाचले. आम्ही एकमेकांना मुबारकबाद दिली.

पुढचे कळायला दोन महिने लागले. ते ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोफत होण्यासारखे होते. दवाखाना योजनेच्या यादीत होता. तळमजल्यावर आरोग्यमित्राचे टेबलही होते. मुलाचे नाव शिधापत्रिकेत चढलेले नव्हते, एवढीच अडचण होती, आणि ऑपरेशन काही त्याच रात्री करायचे नव्हते. नाव चढवून घ्यायला वेळ होता. तिथे जाऊन विचारावे, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. ते अडीच लाख दुसऱ्या कुठल्या घराच्या कामी आले असते, ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. मुलगा शाळेत परतला तेव्हा त्याचा तो खाटेवरचा फोटो वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी मोबाइलवर पोचलेला होता. पोरे त्याला ‘चंदा’ म्हणून हाक मारू लागली. त्याने शाळा सोडली. त्याच्या अम्मीला रात्री-अपरात्री अनोळखी माणसांचे फोन येत राहिले, ते वेगळेच.

यात वाईट कुणीच नव्हते. फोटो टाकणारा, झोळी धरणारा, पैसे देणारा, सगळ्यांची नियत साफ होती. कमी होती ती माहितीची आणि शिस्तीची. समाजकार्य हा शिकण्याचा विषय आहे, त्याची पदवी असते, त्याचे नियम असतात, हे आपल्याला कुणी सांगितलेलेच नाही. म्हणून या वेळचे संपादकीय बारावीच्या आणि पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आमच्या वाचकांसाठी.

कोल्हापुरात ‘तालीम’ शब्दाला दोन अर्थ आहेत. घरात अब्बू ‘तालीम पूरी करो’ म्हणतात तेव्हा त्यांना शिक्षण म्हणायचे असते. पेठेत ‘तालमीत जातो’ म्हटले की लाल माती. दोन्हीकडे नियम एकच : वस्तादाशिवाय कुणी उतरत नाही. अंगात ताकद आहे म्हणून थेट मैदानात उतरलेला पोरगा स्वतःची मान मोडून घेतो किंवा समोरच्याची. खिदमतीच्या मैदानात मात्र आपण रोज असे उतरतो.

नागपाड्यात सुरू झालेली गोष्ट

समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण म्हणजे परक्या, बड्या लोकांचे काही, असा समज असेल तर तो आधी काढून टाकू. भारतातली समाजकार्याची पहिली व्यावसायिक शिक्षणसंस्था १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाली, ती नागपाड्यात. गोदी आणि गिरण्यांत राबणाऱ्यांची, मुसलमानांची मोठी वस्ती असलेला तो भाग. मराठी मिशनच्या कामासाठी १९२५ मध्ये आलेले अमेरिकन क्लिफर्ड मॅनशार्ट तिथे ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ चालवत होते. वस्तीत राहून काम करताना त्यांना जाणवले की दयाबुद्धी पुरत नाही, माणसे तयार करावी लागतात. टाटा विश्वस्त निधीच्या मदतीने ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ उभे राहिले आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाले. आज आपण तिला ‘टिस’ म्हणतो.

आपल्या शहराची गोष्ट त्याहून जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून मुस्लिम बोर्डिंग सुरू केले आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. मुसलमान मुले शिकत नाहीत, अशी हळहळ व्यक्त करून त्यांना थांबता आले असते. त्यांनी आधी अडचण शोधली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा नाही, जेवायची सोय नाही. मग जागा, इमारत आणि कायमचे उत्पन्न यांची व्यवस्था लावली. प्रश्न समजून घेणे, साधने जोडणे, व्यवस्था उभी करणे आणि ती आपल्या माघारी चालेल असे पाहणे, हेच आज समाजकार्याच्या वर्गात शिकवतात.

शिक्षणाची वाट

आता कामाचे बोलू. वाट अशी आहे.

बारावीनंतर समाजकार्याची पदवी घेता येते. तिला बीएसडब्ल्यू म्हणतात. ती आजवर तीन वर्षांची होती. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाची सोय आली आहे. पण बीएसडब्ल्यू नसेल तरी काही अडत नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., अगदी बी.ई. झालेल्यालाही पदव्युत्तर पदवीला, म्हणजे एमएसडब्ल्यूला, प्रवेश घेता येतो. ती दोन वर्षांची, चार सत्रांची असते. व्यावसायिक सामाजिक कार्यकर्ता म्हणून नोकरी शोधताना बहुतेक ठिकाणी हीच पदवी मागतात.

कोल्हापूरच्या मुलामुलींना त्यासाठी गाव सोडावे लागत नाही. ज्या संस्थेमुळे सायबर चौकाला ते नाव पडले, त्या छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्चमध्ये एमएसडब्ल्यू आहे. संस्था १९७६ची. दसरा चौकातल्या बोर्डिंगमधून केएमटीने जाता येईल इतकी जवळ. बाहेर जायची तयारी असेल तर पुण्यात १९६३ पासून कर्वे समाज सेवा संस्था आहे, मुंबईत १९५५ पासून निर्मला निकेतन आहे, दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाचा समाजकार्य विभाग आहे. टिसचे मुंबईत मुख्य संकुल आहे आणि तुळजापूरला १९८६ पासून ग्रामीण संकुल. टिसच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच निघतात. निकाल लागल्यावर जूनमध्ये चौकशीला येणारी आमची मुले इथेच एक वर्ष गमावतात.

प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. विद्यापीठ आणि पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेची आहे का? अभ्यासक्रम नियमित आहे की दूरस्थ, आणि दूरस्थ असेल तर तुम्हाला हवी असलेली नोकरी तो मान्य करते का? आणि सर्वांत महत्त्वाचे : क्षेत्रकार्य किती आहे आणि त्यावर देखरेख कोण करते?

क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा आहे. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतो. तो रुग्णालयात, बालगृहात, वस्तीत, महिला समुपदेशन केंद्रात किंवा कारखान्यात असतो. रोज काय पाहिले, काय बोललो, काय चुकले, हे लिहून काढायचे. दर आठवड्याला शिक्षक ते वाचून तुमच्याशी एकट्याने बोलतात. ‘त्या बाई रडल्या तेव्हा तू लगेच सल्ला का दिलास? आधी ऐकून का घेतले नाहीस?’ असे प्रश्न विचारतात. ही आमची तालीम आणि हे आमचे वस्ताद. ज्या संस्थेत क्षेत्रकार्य नुसते सही-शिक्क्यापुरते चालते, तिथली पदवी कागद म्हणून मिळेल, हात तयार होणार नाही.

वर्गात तीन मूळ पद्धती शिकवतात : एका व्यक्तीसोबत किंवा कुटुंबासोबत करायचे व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन. त्यांच्या जोडीला कायदे, मानसशास्त्र, संशोधन, प्रशासन. दुसऱ्या वर्षी बऱ्याच ठिकाणी विशेष शाखा निवडायची असते : वैद्यकीय व मानसोपचार, कुटुंब व बालकल्याण, समुदाय विकास, किंवा मनुष्यबळ आणि कामगार कल्याण. पुढे महाविद्यालयात शिकवायचे असेल तर समाजकार्य विषयात नेट किंवा सेट, आणि पीएच.डी.

परवान्याचे काय?

डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. सामाजिक कार्यकर्त्याला काय लागते? सरळ उत्तर असे : भारतात सामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करायला सगळ्यांना लागू असा एकच परवाना आज नाही. राष्ट्रीय परिषद स्थापन करण्याच्या कायद्याचे मसुदे तीन दशकांपासून निघत आहेत, कायदा झालेला नाही. म्हणून कुणीही लेटरहेड छापून ‘सामाजिक कार्यकर्ता’ होऊ शकतो. आपल्या चौकाचौकांतले फलक पाहिले की ते पटते.

इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे नाव कायद्याने राखीव आहे. ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेकडे नोंद असल्याशिवाय ते लावता येत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापला परवाना देते आणि त्यासाठी परीक्षा घेते. आपल्याकडची कितीतरी घरे आखातावर चालतात, त्यांच्यासाठी सांगतो : दुबईतही या क्षेत्रातल्या व्यावसायिकांना तिथल्या समाज विकास प्राधिकरणाचा परवाना घ्यावा लागतो. तिकडे जायचा विचार असेल तर पदवीची प्रमाणपत्रे, गुणपत्रके आणि क्षेत्रकार्याच्या तासांचा दाखला पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

भारतात एकच मोठा दरवाजा नसला तरी लहान दरवाजे बरेच आहेत, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे.

पहिला, मानसिक आरोग्याचा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ने मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता कोण याची व्याख्या केली आहे : समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मानसोपचार समाजकार्यातील दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल., देखरेखीखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासह. त्यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने करायची आहे. इथे एक मेख आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमावलीत एम.फिल. बंद केली आणि या विषयापुरती मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली. म्हणून बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत जायचे स्वप्न असेल तर जुन्या विद्यार्थ्याच्या सल्ल्यावर विसंबू नका. त्या वर्षीचे परिपत्रक आणि संस्थेची प्रवेशपुस्तिका स्वतः वाचा.

दुसरा, रुग्णालयाचा. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय, मानसोपचार आणि क्लिनिकल सामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश आहे. या कायद्याने राज्य परिषदा आणि व्यावसायिकांची नोंदवही यांची तरतूद केली आहे. म्हणजे रुग्णालयाच्या बाजूने तरी नोंदणीचे दिवस जवळ येत आहेत. आज पदवी घेणाऱ्याने उद्या नोंदणीच्या वेळी कोणता अभ्यासक्रम धरला जाईल याकडे आत्तापासून लक्ष ठेवावे.

तिसरा, अपंगांच्या पुनर्वसनाचा. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२नुसार पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही असते आणि त्यांत पुनर्वसन सामाजिक कार्यकर्ताही येतो. त्यासाठी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम करावा लागतो.

चौथा, कारखान्याचा. कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ४९ने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा २५० वर आणली आहे. साखर कारखाने, फाउंड्री आणि इचलकरंजीच्या सूतगिरण्यांच्या जिल्ह्यात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

पाचवा, मुलांचा आणि महिलांचा. बाल न्याय अधिनियम, २०१५नुसार बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांत किमान एक महिला असावी लागते. मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव ही तिथे पोचण्याची एक वाट आहे. विशेष बाल पोलीस पथकातही दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतही एक महिला. शिवाय जिल्हा बाल संरक्षण कक्ष, परिविक्षा अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर, कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशन. मुंबईत टिसने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून पोलीस ठाण्यात प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ता बसू शकतो हे महाराष्ट्राला माहीत आहे.

परवाना नाही, म्हणून जबाबदारी जास्त

नोंदणी नसलेल्या व्यवसायात चुकलेल्या माणसाचा परवाना काढून घेणारे कुणी नसते. तिथे स्वतःच स्वतःला बांधून घ्यावे लागते. टिसमधल्या समाजकार्य शिक्षकांच्या मंचाने १९९७ मध्ये व्यावसायिक सामाजिक कार्यकर्त्यांसाठी नीतितत्त्वांचा जाहीरनामा काढला होता. तो पाठ करण्याची गरज नाही. त्यामागच्या भावनेचा मोहल्ल्यातल्या भाषेतला अर्थ एवढाच : समोरचा माणूस मदत मागायला आला म्हणून त्याची इज्जत आपल्या ताब्यात आलेली नाही.

काही ठिकाणी तर हा नुसता नीतीचा भाग नाही, कायदा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असे काहीही प्रसारित करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पॉक्सो कायद्याचे कलम २३ही ओळख उघड करायला मनाई करते. आणि त्याच कायद्याच्या कलम १९नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. ‘घरातली बाब आहे, बदनामी होईल, बैठकीत मिटवू’ असे म्हणणारे बुजुर्ग चांगल्या मनाने बोलत असतील. ते त्या मुलीवर आणखी एक अन्याय करत असतात आणि स्वतः कायदा मोडत असतात. पॉक्सोच्या २०२०च्या नियमांत अशा मुलासोबत तपास आणि खटल्यात राहण्यासाठी ‘सहायक व्यक्ती’ची तरतूद आहे. आमच्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? प्रशिक्षित माणूस हे बैठकीत उभे राहून सांगू शकतो, आणि सांगताना बुजुर्गांचा मान ठेवून कसे सांगायचे हेही तो शिकलेला असतो.

घरातले तीन सवाल

हा रस्ता घरी सांगितला की तीन सवाल येतात.

पहिला : खिदमतीचे पैसे घ्यायचे? जकातीचे आठ हकदार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत सांगितले आहेत. त्यांत जकात गोळा करण्याचे आणि वाटण्याचे काम करणारेही आहेत. म्हणजे समाजाच्या कामात दिवस घालवणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, ही गोष्ट दीनला परकी नाही. फुकट काम करणारा चार महिन्यांनी दुकानावर परत जातो आणि त्याने हातात घेतलेली चार घरे अर्ध्यावर राहतात.

दुसरा : यात कमाई काय? इथे खोटे बोलणार नाही. बऱ्याच जागा कंत्राटी आहेत, अकरा महिन्यांच्या, मानधनावर. सुरुवातीला इंजिनीअर भावाइतका पगार मिळणार नाही. कारखाना, रुग्णालय आणि सरकारी पदभरतीत स्थिती बरी आहे, तिथे स्पर्धाही आहे. शिक्षणाच्या खर्चासाठी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज यांची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करा. बागवान, अत्तार, मोमीन अशा ज्या मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांच्या मुलांनी जातीचा दाखला आणि पडताळणी बारावीतच उरकावी.

तिसरा सवाल मुलींच्या अब्बूंचा असतो : पोलीस ठाणी, दवाखाने, वस्त्या, तिथे आमची मुलगी कशी फिरणार? भाई, उलट बाजूने बघा. तलाक, महर, पोटगी, नवऱ्याची मारहाण, यांपैकी काही घेऊन एखादी बाई सरकारी कार्यालयात जाते तेव्हा समोर तिची बोली समजणारी, निकाहनामा वाचता येणारी बाई बसलेली असावी की नसावी? आमच्या मुली घरात दख्खनी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, कुराणाच्या निमित्ताने अरबी अक्षरे ओळखतात. पंचनाम्याची मराठी आणि चुलीजवळचे बोलणे या दोन्हींत वावरणारी माणसे या जिल्ह्यात फार नाहीत. जी गोष्ट आपण कमीपणा मानतो, ती इथे पात्रता आहे.

आणि ही पात्रता फक्त आपल्यांसाठी वापरायची नाही. एमएसडब्ल्यू झालेली आमची मुलगी उद्या बाल कल्याण समितीसमोर उभी राहील तेव्हा ती सुतारवाड्यातल्या, दलित वस्तीतल्या, ऊसतोड मजुराच्या मुलासाठीही तितक्याच जिद्दीने बोलेल. नाव विचारून मदत करणे ही समाजसेवा नाही. ते कुणी आपल्याशी करते तेव्हा कसे वाटते, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

पूर ओसरल्यावर

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने कोल्हापूर वेढले. बकरी ईद १२ ऑगस्टला होती आणि अर्धा जिल्हा पाण्यात. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा आमचे तरुण कमरेएवढ्या पाण्यात उतरले. कोविडमध्ये नातेवाईक मागे सरले तेव्हा मय्यत उचलायला पुढे आले. १४ जुलै २०२४ रोजी शाहूवाडी तालुक्यात गजापूरला जमावाने घरांची आणि मशिदीची तोडफोड केली, तेव्हा धान्य, कपडे, भांडी घेऊन लोक धावले. पहिल्या आठवड्यात आपण कमी पडत नाही.

कमी पडतो ते आठव्या आठवड्यात. धान्य संपलेले असते. वाहून गेलेली किंवा जळालेली कागदपत्रे पुन्हा काढायची असतात. पंचनाम्यात नाव सुटलेल्या घराचा अर्ज, अपील, पाठपुरावा असतो. विधवा झालेल्या बाईची संजय गांधी निराधार योजनेची फाइल अडकलेली असते. दाराचा आवाज झाला की दचकून उठणारे सहा वर्षांचे मूल असते, त्याच्याशी काय बोलायचे हे घरातल्या कुणाला माहीत नसते. शेजारच्या वाडीतले बोलणे बंद झालेले असते आणि ते कुणीतरी पुन्हा सुरू करायचे असते. या कामाचे फोटो निघत नाहीत. त्याला वर्ष, दोन वर्षे लागतात. हे काम पगारी, शिकलेल्या, आणि रोज नोंद ठेवणाऱ्या माणसाचे आहे.

म्हणून दोन मागण्या. एक जमातीकडे, ट्रस्टींकडे, बैतुलमाल चालवणाऱ्या मंडळींकडे : दर वर्षी निदान एका मुलाची आणि एका मुलीची एमएसडब्ल्यूची फी उचला. परत आल्यावर त्यांच्यापैकी एकाला पूर्ण पगारावर ठेवा, टेबल द्या, आणि मदतीचा प्रत्येक अर्ज आधी त्याच्याकडून जाऊ द्या. राशन किटमधला थोडा भाग या पगाराला गेला तर किट कमी होणार नाहीत. कुणाला किटची गरज आहे आणि कुणाला सरकारी योजनेची, हे कळू लागेल.

दुसरी तुमच्याकडे. परीक्षा झाल्या की एक दिवस काढा. सायबर चौकात उतरून प्रवेशाची माहितीपुस्तिका मागा. क्षेत्रकार्य करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून त्याचा आठवडा कसा जातो ते विचारा. मग ठरवा. सगळ्यांनी हेच करावे असे नाही. जे दुकान चालवतील, गाडी चालवतील, परदेशी जातील, त्यांनी एवढे करावे : पुढच्या वेळी ग्रुपवर आजारी मुलाचा फोटो आला की तो पुढे पाठवण्याआधी फोन करून विचारा, ‘आरोग्यमित्राला भेटलात का? कार्डात मुलाचे नाव आहे का?’

त्या १४ वर्षांच्या मुलाकडे आम्ही नंतर गेलो. माफी मागितली. तो काही बोलला नाही. यंदा त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे ठरवले आहे. फॉर्म भरायला त्याच्यासोबत गेलेली मुलगी एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने त्याचा फोटो काढला नाही.